मी सांगितल्या वेळीच वाजलो

मित्रांनो, मी एक जुना पीडीए आहे. कीव करायची असेल तर आत्ताच पान उलटा. मला कीव नको, कान हवेत.

पीडीए म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसणार. त्यात तुमचा दोष नाही. फोन फक्त बोलायच्या कामाचे होते, त्या काळात साहेबलोकांच्या शर्टाच्या खिशात तळहातावर मावेल असा एक चपटा डबा असायचा. त्याच्या काचेवर प्लास्टिकच्या काडीने लिहायचं. कुणाचा नंबर काय, कुणाला कधी भेटायचं, बाजारातून काय आणायचं. वेळ झाली की डबा वाजायचा. तो डबा म्हणजे मी. मला फोन लावता येत नाही, फोटो काढता येत नाही, आणि इंटरनेट माझ्या नशिबी कधी आलंच नाही.

माझ्यात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकतो. माझी बॅटरी पूर्ण उतरली की माझ्यात लिहिलेलं सगळं पुसलं जातं. नावं, नंबर, तारखा, घड्याळ, सगळं. पाटी कोरी. बनवणाऱ्यांना त्याची लाज वाटली नाही आणि विकणाऱ्यांनी ते कधी सांगितलं नाही. जे पाहिलं, ऐकलं, ते मात्र माझ्यातून पुसलं जात नाही. म्हणून तर हे सांगू शकतोय.

माझा पहिला मालक जॉर्ज. वसईचा माणूस, कतारमध्ये दोह्यात एका कंपनीच्या ऑफिसात कामाला. मला घेतलं तेव्हा तो आठवडाभर ज्याला त्याला दाखवत फिरला. मीटिंगमध्ये टाय सरळ करून मला टेबलावर ठेवायचा आणि काडी अशी काढायचा, जणू आता काहीतरी मोठं घडणार आहे. लोक कौतुक करायचे. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू. मग काचेचे मोठे फोन आले आणि जॉर्जने मला ड्रॉवरमध्ये टाकलं. रबरबँड, तुटका चष्मा आणि सुकलेली पेनं, यांच्या संगतीत मी कित्येक वर्षं काढली. माझ्यात साठवलेलं त्याचं सगळं आयुष्य तिथे गुपचूप पुसलं गेलं. त्याला पत्ताही लागला नाही. मला राग यायचा, आणि तो कुणावर काढायचा हे कळायचं नाही.

मग जॉर्ज आणि त्याची बायको जसिंता यांनी कायमचं वसईला परतायचं ठरवलं. अल नस्रमधला फ्लॅट सोडण्याआधी स्वयंपाकघरातली जळकी वायर बदलायला एका शुक्रवारी एक इलेक्ट्रिशियन आला. मच्छिंद्र. बार्शीकडचा, मराठी बोलणारा, म्हणून जसिंताने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ड्रॉवर रिकामा करताना मी तिच्या हाताला लागलो. कचऱ्याच्या पिशवीत टाकणार तेवढ्यात मच्छिंद्रने विचारलं, "ताई, याला कॅमेरा आहे का?"

"नाही रे बाबा. ह्याला काहीच नाही," ती म्हणाली. "घेऊन जा. माझा नवरा ह्याच्याशिवाय माझा बड्डे विसरायचा आणि ह्याच्यासकट मला विसरायचा."

आत जॉर्ज पेटी बांधत होता. त्याने ऐकलं आणि पेटीच बांधत राहिला.

कॅमेरा नाही, हा माझा दोष मच्छिंद्रच्या कामाचा निघाला. तो ज्या कारखान्यात होता, तिथे कॅमेऱ्याचा फोन फाटकाच्या आत नेता येत नाही. सकाळी बसमधून उतरायचं, फोन फाटकावरच्या लॉकरमध्ये कोंबायचा आणि संध्याकाळपर्यंत जगाशी संबंध तोडून आत जायचं. इलेक्ट्रिशियनला हातात घड्याळ घालायलाही बंदी, कारण विजेजवळ धातू नको. मला मात्र फाटकावरच्या माणसाने उलटसुलट करून पाहिलं आणि हसून आत सोडलं.

रहमान नावाच्या दुरुस्तीवाल्याने कुठूनतरी मला बसेल अशी बॅटरी शोधून काढली आणि मी पुन्हा जिवंत झालो. ती वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. मच्छिंद्र माझ्या काचेवर पॅनेलची चित्रं काढायचा, कोणती वायर कुठे जाते ते. जेवणाच्या सुट्टीत पत्ते खेळायचा. मी त्याला फालतू व्हिडिओ दाखवले नाहीत, कुणाचे भडकवणारे मेसेज आणले नाहीत, त्याच्या खिशातून त्याच्यावर हेरगिरी केली नाही. तुमचे फोन हे सगळं करतात आणि तुम्ही त्यांना उशाशी घेऊन झोपता.

आणखी एक. त्याने माझं घड्याळ गावच्या वेळेवर लावलं. कतारची वेळ सांगायला बस होती, भोंगा होता, फोन होता. गावची वेळ सांगायला फक्त मी. बायको सत्यभामा आता भाकरी थापत असेल, मोनाली कॉलेजातून निघाली असेल, हे तो माझ्याकडे बघून ठरवायचा. कतार गावाच्या अडीच तास मागे. हे अडीच तास मिळवायचं-वजा करायचं काम त्याने डोक्यातून काढून माझ्यावर सोडलं. सोय झाली. पण मित्रांनो, सोय झाली की माणसाचं काहीतरी कमी होतं, हे मी दोन मालकांच्या घरी पाहिलंय.

मोनाली म्हणजे त्याची मुलगी. नर्सिंगला होती, शेवटचं वर्ष राहिलं होतं. मच्छिंद्रचा थोरला भाऊ शहाजी, ज्याला सगळं घर आप्पा म्हणतं, त्याने तिच्यासाठी स्थळ आणलं. मुलाकडच्यांना लग्न लगेच हवं होतं आणि शिकलेली सून चालणार होती, शिकणारी नव्हे. सत्यभामा थोरल्या दिरासमोर मान वर करत नाही. राहिला बाप, तो समुद्रापलीकडे.

एका शुक्रवारी मोनालीने फोन केला. मी मच्छिंद्रच्या शेजारी गादीवर होतो.

"पप्पा, आप्पांपुढं माझं कुणी ऐकणार न्हाई," ती म्हणाली. "सुपारी फुटायच्या आधी तुम्ही एकदा नाही म्हणा. बास."

"म्हणतो की," मच्छिंद्र म्हणाला.

पाहुणे रविवारी येणार होते, अकरा वाजता. तिकडे सुट्टीचा रविवार, इकडे मात्र आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. शुक्रवारी ठेवा असं त्याने आधी सुचवून पाहिलं होतं, पण मुलाला रविवारचीच सुट्टी होती. मच्छिंद्रने त्याच दुपारी आप्पाला फोन लावला. मी श्वास रोखून होतो, श्वास नसला तरी. दोघे भाऊ बोलले. पाऊसपाणी, म्हशीचं दुखणं, चुलत्याचं ऑपरेशन. 'नाही' हा शब्द काही मच्छिंद्रच्या तोंडून निघाला नाही. पाहुण्यांदेखत फोनवरून बोलू, म्हणजे आप्पाला उलटता येणार नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. खरं सांगू? तो आप्पाला भीत होता. चाळिशी उलटलेला, विजेला हात घालणारा माणूस भावाला भीत होता.

त्याच शुक्रवारी माझी बॅटरी उतरली. खोलीत प्लग कमी, माणसं जास्त. खोलीतला सोबती जहूर, बिहारकडचा, त्याने माझी वायर काढून आपला फोन लावला आणि मला परत लावायचं विसरला. मी कोरा झालो. बिरकत अल अवामेरच्या कामगार-वस्तीतल्या त्या खोलीत जहूरला सगळ्यात जास्त माझी चेष्टा करायला आवडायचं. यात जिन्न आहे का मच्छिंद्रभाई, दिवसभर घासत असता, असं तो विचारायचा. पण माणूस वाईट नव्हता. शनिवारी त्याने मला स्वतःहून चार्ज केलं, आपल्या फोनात बघून तारीख लावली, वेळ लावली आणि खुशीत मला परत दिलं. टाइम भी सेट कर दिया है, म्हणाला.

कतारची वेळ, मित्रांनो.

मच्छिंद्रने मला हातात घेतलं. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे त्याने पाहिलं नाही. रोज समोर असलेली गोष्ट कोण बघतं? त्याने काडीने लिहिलं, रविवार, अकरा, मोनाली. लिहिलं आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. तो चेहरा मी जॉर्जचाही पाहिला होता. काम माझ्यात लिहिलं की ते झालंच, असं या लोकांना वाटतं. त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला आणि जहूरला पत्त्यात हरवलं.

रविवारी त्याने साहेबाला, जियादला, आधीच सांगून ठेवलं की मी अकराला फाटकावर जाऊन घरी फोन करणार. हे अकरा म्हणजे गावचे, हे जियादला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. "इन्शाल्ला," जियाद म्हणाला आणि कामाला लागला.

कारखान्यात त्या आठवड्यात दुरुस्ती चालू होती, त्यामुळे चहा-जेवणाच्या वेळा पुढेमागे होत होत्या. मच्छिंद्र पॅनेलच्या खोलीत होता. तिथे खिडकी नसते, ऊन कुठवर आलं ते दिसत नाही. तो सारखा खिशावर हात ठेवायचा, मी वाजलो का बघायला. स्क्रू पिळायचा, थांबायचा, परत पिळायचा. एकदा चुकीची वायर सोडवली आणि स्वतःलाच शिवी हासडली.

मग चहा आला. एरवी चहा येतो तेव्हा माझ्यात साडेअकरा वाजलेले असतात. आज मी नऊ दाखवत होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, चहाकडे पाहिलं. चहा हातात गार झाला. त्याचं पोट सांगत होतं की वेळ होऊन गेली, पाय दाराकडे वळत होते. मला ओरडायचं होतं, पण मला फक्त लावल्या वेळी वाजता येतं. आज चहाच लवकर आलाय, असं तो पुटपुटला आणि परत पॅनेलसमोर बसला. स्वतःच्या पोटापेक्षा त्याला माझा भरवसा वाटला. त्या क्षणी मला इतका संताप आला की काच तडकली असती तर बरं झालं असतं.

अकराला मी वाजलो. जियादने हात केला, यल्ला म्हणाला, म्हणजे चल, नीघ. मच्छिंद्र भर उन्हात फाटकापर्यंत पळत गेला. लॉकर उघडला. फोनवर घरचे न उचललेले कॉल भरले होते. त्याला तिथेच कळलं, पण बोटांनी नंबर लावलाच.

सत्यभामाने उचलला. पाहुणे जेवून निघालेसुद्धा, म्हणाली. मग फोन मोनालीने घेतला.

"पप्पा, सुपारी फुटली. आप्पा म्हणले, बापाचा फोन लागत न्हाई, म्हंजे त्याची ना न्हाई."

मच्छिंद्र सांगायला लागला. मशीनची बॅटरी, जहूर, अडीच तास, मशीनने उशिरा वाजवलं. भडाभडा सांगत सुटला. मोनालीने त्याला बोलू दिलं. मग अगदी हळू विचारलं, "मशीनला सांगितलंत, पप्पा. आप्पांना का न्हाई सांगितलं?"

फाटकावरून ट्रक जात होते. मच्छिंद्र पत्र्याच्या सावलीत उभा होता आणि त्याच्या हनुवटीवरून घाम माझ्या खिशावर टपकत होता.

"आप्पाला दे," तो म्हणाला.

आप्पाने आधी आनंदाची बातमी दिली, मग पाहुण्यांची तारीफ सुरू केली. मच्छिंद्रने त्याला मध्येच तोडलं. आयुष्यात पहिल्यांदा. "आप्पा, पोरगी शिकणार. हे लग्न होणार न्हाई. मी शुक्रवारीच बोलायला पाहिजे हुतं, भ्यालो तुला." त्यावर आप्पा जे बोलला ते मी तुम्हाला सांगणार नाही. फुटलेली सुपारी परत करायची म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगायची, एवढंच त्यातलं सांगण्यासारखं. मग फोन बंद झाला.

मच्छिंद्रने परत लावला. सत्यभामाकडून मुलाच्या वडिलांचा नंबर घेतला. ती एकेक आकडा सांगत होती. त्याचा हात खिशाकडे आला, काडीपर्यंत आला आणि मागे गेला. त्याने तो नंबर तोंडाने घोकला, फाटकावरचा सिक्युरिटी बघतोय याची पर्वा न करता, आणि पाठ झाला तसा लावला.

"पाव्हणं, मी मोनालीचा बाप बोलतोय. राग माझ्यावर काढा. चूक माझी हाय, पोरीची न्हाई."

परत आत आला तेव्हा उशीर झाला होता. जियादने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि रागवायचं सोडून विचारलं, "खलास?" मच्छिंद्र म्हणाला, "खलास, सर," आणि पाना उचलला.

लग्न मोडलं, पण सगळं गोड झालं असं समजू नका. आप्पा अजून त्याच्याशी बोलत नाही. सत्यभामाला गावात टोमणे ऐकावे लागतात, आणि ते ऐकून ती मान खाली घालत नाही, हे नवीन आहे. मोनाली कॉलेजात जाते.

जहूर माझी माफी मागायला आला होता, म्हणजे मच्छिंद्रची. मच्छिंद्रने त्याला दोष दिला नाही. मलाही दिला नाही. द्यायचं कारणही नव्हतं. मी सांगितल्या वेळीच वाजलो होतो.

मित्रांनो, मला जपा. काच मऊ फडक्याने पुसा, काडी हरवू नका, बॅटरी उतरू देऊ नका. जुनं झालं म्हणून ड्रॉवरमध्ये कोंबू नका, आम्हाला अजून कामं जमतात. माझ्यात वायरी लिहा, बाजार लिहा, वाढदिवससुद्धा लिहा. पण ज्या गोष्टीची तुम्हाला भीती वाटते, ती माझ्यात लिहून मोकळे होऊ नका. ती जाऊन बोला. मी फक्त वाजू शकतो, तुमच्या वतीने तोंड उघडू शकत नाही.

परवा माझी बॅटरी पुन्हा उतरली. सगळं पुसलं गेलं. मच्छिंद्रने कोरी काच पाहिली, मला चार्जिंगला लावलं आणि घड्याळ लावायच्या आधी क्षणभर छताकडे बघत पुटपुटला, "आत्ता इथं साडेसहा. म्हंजे गावाकडं नऊ. मोनी जेवली असंल." मग फोन उचलून, नाव न शोधता, त्याने घरचा नंबर बोटांनी दाबला.