गाडीचा वाटा

कमल जन्मली त्या वर्षी लहूने छकडा घेतला. नवा नव्हे. दादरच्या एका भाजीवाल्याने वापरून वापरून विकायला काढलेला, एका बैलाचा, आणि इतका लहान की आत पाट्या ठेवल्यावर माणसाने पाय पोटाशी घेऊनच बसावं. प्रभादेवीच्या कोळीवाड्यात तोवर कुणाच्याच दारात गाडी नव्हती. समुद्रावर होड्या होत्या, आणि जमिनीवर बायकांची डोकी होती.

लहूची बायको रखमा, तिचंही डोकं त्यातलंच. सकाळी होड्या लागल्या की पाटी भरायची आणि परळ, लालबाग, भायखळा मागे टाकत गिरगाव गाठायचं. लग्नानंतर तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण कमल झाल्यावर लालबागच्या आसपास पोचली की छाती भरून यायची, चोळी भिजायची. पाटीवरच्या पाण्याने भिजली असं ती बाकीच्या बायकांना सांगायची, आणि त्याही तसंच समजल्यासारखं करायच्या. घरी परतावं तर पोर रडून रडून झोपलेली असायची. तोंडात गुळाच्या पाण्यात बुडवलेली चिंधी. हुंदका झोपेतही चालू.

एके दिवशी लहूने ते पाहिलं. हातातलं कडं मोडलं आणि छकडा आणला, सोबत बाळ्या नावाचा एक शांत बैल.

“पोरीला संगत घेऊन जा,” एवढंच म्हणाला.

तेव्हापासून रखमा स्वतःच कासरा धरून बसू लागली. पाट्यांच्या मधल्या जागेत जुन्या लुगड्याची घडी आणि त्यावर कमल. भुकेचा आवाज निघाला की गाडी कडेला घ्यायची, पदर ओढायचा. गिरण्यांत निघालेले लोक थांबून बघायचे. “कोळीण गाडीवान झाली रे!” रखमा म्हणायची, “झाली तर! तुझ्या बायकोला पाठव, तिलाही शिकवते.”

सुख एवढंच होतं, आणि त्याला छकड्याची दृष्ट लागली. आज आरा निखळला, उद्या आस तडकला. सुताराकडून घरी आला की लोहाराला त्याची आठवण व्हायची. चाकावरची लोखंडी धाव तर सारखी ढिली. गिरगावात सुरमई विकून जे हातात पडे ते लालबागेतच संपे. तिथे दौलत लोहाराचा भाता होता.

“तुझ्या घरी खाणारी तोंडं किती गो?” सासू काशीबाई विचारायची. “आपण माणसं, बैल, आणि वर ती दोन चाकं. चाकंच सगळ्यात जास्त खातात.”

लहूला छकड्याची माया फार. होडीची फळी वाळली की आकसते, सांधे उघडतात आणि पाणी आत येतं, हे त्याला बोलता येण्याआधीपासून ठाऊक. म्हणून रोज संध्याकाळी, स्वतः अंग टेकायच्या आधी, तो छकडा समुद्राच्या पाण्यात नेऊन उभा करायचा. गुडघाभर लाटांत उभा राहून चाकं चोळायचा, फिरवायचा, पुन्हा भिजवायचा. मग वर मोरी माशाच्या तेलाचा हात. सकाळी चाकं अशी घट्ट बसलेली असायची की बोट शिरू नये. दुपारच्या उन्हात पुन्हा कुरकुर सुरू.

“जुनं लाकूड हाय,” लहू म्हणायचा. “अजून भिजवायला पाहिजे.”

आसाचं दुसऱ्यांदा काम निघालं तेव्हा काशीबाई चुलीपुढून उठली. “आता बस झालं. परत मोडली की विटांचा व्यापारी मागतोय त्याला देऊन टाक, बैलासकट. पोर माझ्याकडं राहील. आमची पोरं नाय वाढली?”

लहूने फाटकं जाळं पुढ्यात ओढलं. रखमाने कमलला छातीशी घट्ट धरलं. घरात येणारा पैसा कुठे जातो ते सगळ्यांना दिसत होतं.

आणि छकडा मोडला, नेमका लालबागेत. आधी खडखड झाली. मग डाव्या चाकाची धाव सुटली आणि पोरांनी हाकलावी तशी एकटीच रस्त्यावरून पळत सुटली. गिरणीकडे निघालेले लोक उड्या मारून बाजूला झाले. छकडा कलला. कमल घसरली ती थेट पापलेटांत. पोर मात्र रडली नाही. एका कोळंबीची मिशी मुठीत धरून गंभीरपणे बघत होती, जणू तिचाच काही सौदा चालू आहे.

रखमाने तिला उचललं आणि ती तिथेच, रस्त्याच्या कडेला, खाली बसली. ऊन चढत होतं. मासे नरम पडणार. आणि आज घरी गेल्यावर विटांचा व्यापारी.

मागून कोळीवाड्यातल्या बायका चालत आल्याच. सगळ्यांत पुढे गुणवंती, वाड्यातली वयाने मोठी, मान जरा वाकडी ठेवून चालणारी. मागे शेवंती.

“काय गो राणीसरकार, रथ मोडला?” शेवंती म्हणाली.

“मोडला,” रखमा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

“ए, ती खरंच रडते,” गुणवंतीने शेवंतीला गप्प केलं. पाटी उतरवली. “रडायला काय झालं? मासळी मरून पडली हाय, तू जिवंत हायस.”

मग सगळं रखमाने सांगून टाकलं. सासू काय म्हणाली, पोर घरी ठेवावी लागणार, सगळं. बायका ऐकत ऐकतच तिच्या पाट्या उपसत होत्या. सुरमई हिच्यात, पापलेट तिच्यात. वाटेत कुणाचा माल अडला तर बाकीच्यांनी वाटून न्यायचा आणि विकून पैसे हातात द्यायचे, त्यासाठी कुणाला विचारायची पद्धतच नव्हती.

“तू दौलतकडं जा,” गुणवंती म्हणाली. “येताना तिथंच येतो.”

दौलतने पळालेली धाव हातात घेतली. वाकून चाकाचं लाकूड निरखलं. धावेच्या आतल्या बाजूला गंजाचे पापुद्रे सुटत होते. त्याने एक खरवडला, बोट जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

“वहिनी, ही गाडी तुम्ही मुरवता कुठं? लोणच्यात?”

“म्हंजे?”

“खारट हाय! मला वाटायचं, मासळीचं पाणी गळतंय, त्यानं लागलं असेल थोडं. पण हे चाक आतपर्यंत खारवलंय.”

रखमाने संध्याकाळचं सांगितलं. ऐकताना दौलतचं हसू हळूहळू उतरलं.

“अरारा,” तो म्हणाला. “बिचारा. होडीला लोखंडाचं कडं नसतं ना. इथं लाकूड रोज फुगतं आणि रोज सुकतं, त्यात मीठ लोखंडाला खातंय. मीपण कधी विचारलं नाय, जुना माल म्हणून ठोकत राहिलो.” त्याने धाव भट्टीजवळ ठेवली. “कापून, तापवून परत चढवतो. दोन आरे नवे लागतील. पण समुद्र बंद करा. गोड्या पाण्यानं पुसा, सावलीत ठेवा.”

रखमा भात्याजवळच्या ओट्यावर बसून कमलला पाजत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर लहू होता. रात्रभर दर्यावर राबून, दिवसा जाळी दुरुस्त करून, पुन्हा लाटांत उभा राहून चाकं चोळणारा. हे त्याला सांगायचं कसं?

उन्हं कलल्यावर बायका परतल्या. गुणवंतीने पदराची गाठ सोडून पैसे रखमाच्या हातावर ठेवले. मग त्यातलेच थोडे बाजूला काढले, आपल्या कनवटीचे त्यात घातले आणि दौलतपुढे ओट्यावर ठेवले.

“हे काय?” रखमा म्हणाली.

“गाडीचा वाटा. मासळी वाटताना होडीचा वाटा निघतो का नाय? जाळ्याचा निघतो. होडीची मोडतोड होते, तिला खायला लागतं. मग हिला का नको? हिला तुम्ही एकट्यानं पोसायला गेलात, म्हणून तुमचं कंबरडं मोडलं.” तिने वाकडी मान चोळली. “उद्यापासून माझी पाटी हिच्यात. बसणार नाय, चालेन. पण ही मान आता पाटी घेत नाय, कुणाला बोलले नव्हते.”

“माझीपण,” शेवंती म्हणाली. “आणि राणीसरकारांनी मला एकदा कासरा धरू द्यायचा.”

चाक चढवून घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. लहू वाटच बघत होता. नेहमीच्या सवयीने त्याने बाळ्याचा कासरा धरला आणि छकडा पाण्याकडे वळवला.

“अवो, थांबा,” रखमा म्हणाली. मग जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं. लोणच्याची थट्टा मात्र गाळली.

लहूने वाकून चाकावर हात ठेवला. “म्हंजे मीच,” तो म्हणाला. “मीच मोडत होतो.”

“तुम्ही जपत होता.”

“एकच झालं.”

“एक नाय,” रखमा म्हणाली. “मला ठाऊक हाय.”

काशीबाई दारात उभी होती. सगळं ऐकलेलं होतं. वाट्याचंही, गुणवंतीने येता येता वाड्यात ते मोठ्याने सांगितलंच होतं. लहूने आईकडे पाहिलं. “व्यापाऱ्याला काय सांगू, आये?”

काशीबाईने रखमाकडून कमलला घेतलं, तिच्या कपाळावर हात फिरवला. कपाळ उन्हाने तांबडं झालं होतं.

“तूपण घरी ठेवल्यावर हिच्यासारखाच रडायचास,” ती लहूला म्हणाली. “मी गिरगावातनं यायची तवर तुझा आवाज बसलेला असायचा. घशातनं नुसती हवा निघायची. शेजारणी सांगायच्या, शांत होता. मला कळत नसेल काय?”

मग नात कडेवर तशीच ठेवून आत गेली, आणि आपलं एक विटलेलं हिरवं लुगडं घेऊन बाहेर आली.

“हे वर बांधा, उन्हाला. ह्या बाजूनं जरा खाली सोड. सकाळी सूर्य इकडनं येतो, एवढंही कळत नाय तुम्हाला.”

लहू छकड्यावर चढून बांबू उभे करू लागला. रखमाने लुगड्याचं एक टोक धरलं.