अलकनंदासाठी शांत खोली

सूर्यकांत केंद्र सरकारच्या एका खात्यात अवर सचिव होता. कुठलीही गोष्ट तो मुद्देसूद समजावून सांगे, आणि समोरचा ‘समजलं’ म्हणाला तरी पुन्हा एकदा सांगे.

त्याच्या आठ वर्षांच्या मुलीला, अलकनंदाला, आवाज आणि उजेड सोसत नसे. ट्यूबलाइटची गुणगुण घरात दुसऱ्या कुणाला ऐकूच येत नव्हती. ती तिच्या डोक्यात वाजायची. पाहुणे आले की ती कान दाबून सोफ्यामागे जाऊन बसायची. तिच्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, निदान बैठकीची खोली तरी तिला सुसह्य करा.

सूर्यकांतने आठवडाभर रजा टाकली. दिल्लीत, विमानतळाजवळच्या द्वारकेतल्या त्यांच्या फ्लॅटमधली ट्यूबलाइट गेली, मंद पिवळे दिवे आले. फुलाफुलांचे पडदे उतरून साधे राखाडी लागले. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल निघाला. त्याच्या बायकोची, वृंदाची उदबत्तीसुद्धा बाल्कनीत गेली. खिडकीशी जाड गादी आली, तिच्यावर वजनदार गोधडी.

रविवारी सकाळी अलकनंदा गादीवर बसली. समोर सूर्यकांत मांडी घालून.

“आता बघ, हे दिवे कमीजास्त होतात. डोळ्यांना बरं वाटतंय ना? गोधडी जड आहे, म्हणजे अंगाला आधार मिळतो. मिळतोय का? आणि पडदे मुद्दाम...”

अलकनंदाने कान दाबले.

वरून विमान चाललं होतं. सूर्यकांत दाराशी उभ्या बायकोला म्हणाला, “वृंदा, मी म्हटलं होतं ना, डबल काचा लावायला हव्यात.”

“विमान चालतं मला,” अलकनंदा म्हणाली. “ते येतं आणि जातं.”

“मग फ्रिजचा त्रास होतोय? आत सरकवू?”

“नको.”

“मग नीट सांग बेटा. एक, उजेड. दोन, आवाज. तीन...”

“बाबा, तू पण बंद हो ना थोडा वेळ.”

वृंदा घाईने स्वयंपाकघरात गेली. तिला हसू आवरत नव्हतं.

सूर्यकांतला लागलं. सगळी रजा त्याने हिच्यासाठी घालवली होती. पण तो गप्प बसला. पहिली काही मिनिटं फार जड गेली. राखाडी रंगच का निवडला, हे सांगायचं राहून गेलं होतं. मग अलकनंदाने हात खाली घेतले. बऱ्याच वेळाने तिने गोधडीचं एक टोक त्याच्या गुडघ्यावर ओढलं. दोघं जेवणापर्यंत तसेच बसून राहिले.

संध्याकाळी वृंदाचा भाऊ श्रीरंग आला. दारातूनच म्हणाला, “अरे वा, हे काय केलंत भावजी?”

सूर्यकांतने तोंड उघडलं. मुलीकडे पाहिलं. मग श्रीरंगचा दंड धरून त्याला बाहेर जिन्यात नेलं आणि दार ओढून घेतलं.

पाऊण तासाने, सगळे मुद्दे दोनदा ऐकून, श्रीरंग एकटाच आत आला. काही न बोलता तो गादीच्या कडेला टेकला. अलकनंदाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सरकून त्याला जागा करून दिली.