न दिसणारी सूज

मी डबा बोलतोय. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, दोन्ही बाजूंना खिट्ट्या. झाकण पहिल्यापासून घट्ट, आणि स्वभावही तसाच, असं म्हणा हवं तर. कारखान्यात पत्र्याला दाबून मला आकार दिला, घासून चकचकीत केलं आणि दुकानाच्या फळीवर मांडलं. तिथं एका बाईंनी मला उचललं, बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, म्हणाल्या, "हा जन्माला पुरेल." त्या दिवसापासून मी त्यांच्या घरचा झालो.

बाईंचे यजमान टेलर. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. पँट शिवावी तर त्यांनीच. दुकानात कटिंगच्या टेबलाखाली, कपड्याच्या कातरणांशेजारी माझी जागा होती. समोर स्टुलावर काजं-बटणं करणारा त्यांचा जोडीदार बसायचा. वय मास्तरांएवढंच, पण अंगानं इतका वाळका की सगळे त्याला काडी म्हणायचे. त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

आता मास्तरांची गंमत ऐका. माणूस सुटत चाललाय हे त्याला कोण सांगतं? त्याचे कपडे सांगतात. बटण लागेना, पट्ट्याला भोक पुरेना, मग तो आरशासमोर जरा गंभीर होतो. मास्तरांवर ती वेळच आली नाही. पँट काचायला लागली की मागची शिवण उसवायची, आत मुडपलेला कपडा बाहेर काढायचा, वर टीप मारायची. काचणं थांबलं, विषय संपला. बाईंचे कपडेही तेच शिवायचे. तेही असेच गुपचूप सैल होत गेले. जगाच्या कमरेला टेप लावणारा माणूस, पण घरातल्या दोन कमरांचा हिशेब त्याच्या डोक्यात कधी शिरला नाही.

मग मास्तरांचे गुडघे कुरकुरायला लागले. जिना चढताना धाप लागू लागली. बाईंनी हट्टच धरला आणि दोघं दुकानातून परस्पर डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी पिशवीत होतोच, त्यामुळे सगळं माझ्या कानावर पडलं.

डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या अंगात सूज आहे."

मास्तरांनी वाकून पँटचा पाय वर ओढला आणि नडगीवर अंगठा दाबला. "कुठंय? खड्डा पडत नाही."

"ती वरून दिसायची नाही. वजन फार वाढलं की आतल्या आत बारीक जळजळ चालू राहते. रक्तात कळते. तळलेलं सोडा, चाला, वजन उतरवा. आणि कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, नवलकोल, या जातीच्या भाज्या रोज पोटात जाऊ द्या. हे औषध नव्हे हं, पण मदत होते. दोघांनीही खा."

शेवटचं वाक्य सोडून बाईंनी सगळं मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यात कोबी आला. लगदा नाही. बाई बारीक चिरून, झाकण ठेवून, थोड्याशा वाफेवर कुरकुरीत ठेवायच्या, वर लिंबू, मिरपूड. ब्रोकोलीचे तुरे तर लहान मुलाला आंघोळ घालावी तसे मायेनं धुवायच्या. ती महाग आणि मिळायची एवढीशी. सगळीच्या सगळी माझ्यात भरली जायची. मास्तर म्हणायचे, "अगं, तुला काही ठेवलंस का?" बाईंचं उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?" आणि मास्तर आंघोळीला गेले की त्या ओट्यापाशी उभ्या उभ्या आदल्या दिवशीचं उरलंसुरलं खायच्या. अन्न टाकवत नाही म्हणून. मी त्यांना बसून, वाढून घेऊन जेवताना क्वचितच पाहिलंय.

आणि इकडे दुकानात काय चालायचं? सांगायला लाज वाटते. मास्तर माझं झाकण उघडायचे, वास आला की नाक मुरडायचे, आणि मला काडीपुढे सरकवायचे. "घे बाबा, माझ्या अंगात कुठं सूज आहे? डॉक्टर लोकांना काहीतरी सांगावंच लागतं." मग समोरच्या टपरीवरून तळलेलं यायचं. कागदावर तेलाचा हा डाग. काडी मात्र तुरान् तुरा चाटूनपुसून खायचा.

संध्याकाळी मला रिकामा पाहून बाईंचा चेहरा फुलायचा. "आवडलं ना? उद्या मुळा किसून घालते." मास्तर "हं" म्हणायचे. माझा इतका जीव जळायचा की काय सांगू. पण डब्याला वाजता येतं, बोलता येत नाही.

एकदा मास्तर चष्मा घरी विसरले. बाई तो द्यायला भर जेवणाच्या वेळी दुकानात आल्या. पाहतात तो मी काडीच्या मांडीवर, आणि मास्तरांचे हात तेलकट. काडीनं घास तसाच धरला. मास्तर उठू लागले आणि पुन्हा बसले. बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत. काडीलाच विचारलं, "मीठ बरोबर असतं ना हो, भाऊजी?"

काडीनं मान हलवली. बाई गेल्या.

मास्तरांनी उरलेलं तळलेलं कागदात गुंडाळून टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उघडलं आणि खाली मान घालून सगळा कोबी खाल्ला. रोज खाऊ लागले. टपरीकडे बघणं सोडलं, घरी चालत जाऊ लागले. हळूहळू धाप कमी झाली. उसवलेल्या पँटी पुन्हा आत घेण्याची पाळी आली. नवा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उतरली की सूज. एकट्या भाजीची करामत म्हणणार नाही मी, वजन उतरलं, तळलेलं सुटलं, त्यात भाजीचाही हातभार." घरी येऊन मास्तरांनी ते सांगितलं, तेव्हा बाई पदराआड रडल्या. एवढ्या सुखात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ते सुख फार टिकलं नाही. एका सकाळी बाई नेहमीसारख्या माझा खालचा कप्पा भरत होत्या. फ्लॉवर वाफवून तयार होता. मधेच थांबल्या, छातीवर हात ठेवला, "अहो, जरा पाणी देता?" म्हणाल्या आणि ओट्याला टेकून खाली बसल्या. मास्तर पाणी घेऊन आले तेव्हा त्या बोलत नव्हत्या. मी ओट्यावर तसाच, अर्धा भरलेला, उघडा.

हॉस्पिटलमधून मास्तर एकटेच परत आले. मागोमाग काडी. मास्तर भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "डॉक्टर विचारत होते, यांचं वजन, रक्तदाब, साखर कधी तपासलं होतं का? मी म्हटलं, हिला काही नव्हतं." मग काडीकडे बघून म्हणाले, "अरे, हिचं माप माझ्या हातात होतं. दर खेपेला वाढवून शिवलं मी. एकदाही विचारलं नाही."

काडी त्यांच्या शेजारी बसून राहिला.

आता मास्तर स्वतः कोबी चिरतात. जाडाभरडा. कधी कच्चा राहतो, कधी करपतो. मला एका बाजूला पोचा आलाय, एक खिट्टी ढिली झालीय, तिला दोरा बांधलाय. दुपारी मला उघडून मास्तर निमूट जेवतात. चव कशी आहे हे काडी विचारत नाही.

माझं वय झालंय, कधी भंगारात जाईन सांगता येत नाही. त्याआधी एक विनवणी आहे. तुमच्या घरी कुणासाठी पथ्याचा डबा भरला जात असेल, तर तो भरणारीच्या ताटात काय आहे ते जाऊन बघा. "माझं काय, मी खाईन नंतर," असं ती म्हणेल. तिच्यावर विश्वास ठेवू नका. हाताला धरून तिला खाली बसवा, आणि आधी तिला वाढा.