दाखवायचे दात

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतीवर जबड्याचा भलामोठा एक्स-रे झळकला आणि लोकांनी हात जोडले. एक्स-रेला हात जोडणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. माझी ताई त्यांत पुढे होती.

ताईची लेक सहा वर्षांची. जन्मापासून तिच्या जबड्यात दातांचा अंकुरच नाही. गल्लीतली पोरं तिला ‘बोळकी’ म्हणायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात छोटा कॅमेरा फिरवला, संगणकावर जबडा उभा केला आणि तिच्या मापाची कवळी छापून दिली. जबडा वाढेल तशी नवी करायची. पोरगी सफरचंद कचाकचा खायला लागली. पण आईचा जीव. कुणी ‘खरे दात’ म्हटलं की ताईचं डोकं चालेनासं होई.

हे सभागृह भरवलं होतं दात उगवून देतो म्हणणाऱ्या दंतबाबांनी. त्यांनी बोळकीची कवळी काढायला लावून तोंडात निळा दिवा फिरवला होता, त्याचंच भिंतीवर हे ‘दर्शन’.

“दात आत झोपलेत,” बाबा म्हणाले, “आणि ही कवळी त्यांच्या उरावर बसलीय. ती या पेटीत टाका, मग माझं चूर्ण त्यांना जागं करील.”

पेटीत आधीच चार-दोन कवळ्या पडल्या होत्या. आपण चूर्ण घ्यायचं आणि दात बाबांनी ठेवून घ्यायचे, असा हा व्यवहार. ताईने कवळीचा रुमाल सोडला. कवळी गेली की पोरगी पुन्हा दुधात कुस्करलेल्या पावावर येणार होती. मी हात धरला, तर ताईने मलाच गप्प बसवलं.

बोळकी मात्र भिंतीकडे टक लावून होती. स्वतःचा जबडा तिने डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर कितीदा पाहिला होता.

“आतले झोपलेत,” ती बोबड्या तोंडाने म्हणाली, “मग चित्रात बाहेर दिसतायत ते कुणाचे? मला तर एकपण नाही.”

बाबांनी फर्मावलं, की शंकेखोराला दात येत नसतात. तेवढ्यात एक म्हातारेबुवा उठले. काल त्यांनाही हाच जबडा त्यांचा म्हणून दाखवला होता म्हणे. म्हातारेबुवांना दुधाचे दात!

कारण चित्रात होते ते दुधाचेच दात, आणि त्यांच्या मुळाशी दडलेले पक्के. कुठल्याही चारचौघांसारख्या सहा वर्षांच्या पोराचा एक्स-रे असाच दिसतो. निळा दिवा नुसता दिवा होता. चित्र कुठूनतरी आणलेलं आणि सगळ्यांना तेच. बाबांची तेवढी दातखिळी बसली.

ताईने कवळी धुतली, लेकीच्या तोंडात बसवली आणि तिला छातीशी धरून रडली. लोक पेटीतून आपापल्या कवळ्या शोधायला लागले.

हात जोडायचे तर खुशाल जोडा. फक्त त्याआधी बोळकीसारखं विचारा, हे दात कुणाचे?