बटण बंद, दिवा चालू

सकाळी नऊला दवाखान्याचं दार उघडलं तेव्हा बाहेर चाळीस माणसं उभी होती आणि त्यांतल्या एकालाही डॉक्टर नको होते. सगळ्यांना खिडकीजवळची जागा हवी होती. तिथं भिंतीलगतच्या फळीवर वीतभर लांबीचं, हिरव्या रंगाचं खेळण्यातलं इंजिन उभं होतं आणि त्याचा पुढचा दिवा मिणमिणत होता. दिव्याचं बटण बंद होतं. तरीही दिवा जळत होता.

"ज्योत ऐकतेय. एकेकानं विचारा," फळीला कोपर टेकून बसलेले ज्योतीदादा म्हणाले. कंबरदुखीवरच्या चुंबकाच्या पट्ट्यांचा त्यांचा धंदा बसला, तेव्हापासून विश्वऊर्जा त्यांच्याशी थेट बोलू लागली होती.

"गुडघ्याचं ऑपरेशन करू का?" एका पोस्टमननं विचारलं.

दादांनी डोळे मिटले. दिवा विझला आणि क्षणात पुन्हा लागला.

"नको म्हणते. ज्योतीजल घ्या. या दिव्यासमोर ठेवलेलं पाणी आहे, त्यातला रेणू न् रेणू जागा झालाय. आणि शंका घ्यायची नाही. शंका आली की ऊर्जा शॉर्ट होते."

पोस्टमननं बाटली घेतली आणि डॉक्टरांच्या दाराकडे न बघता लंगडत निघून गेला.

आत डॉक्टर रिकाम्या खुर्चीसमोर बसून हे ऐकत होते. हसावं की उठावं, त्यांना कळत नव्हतं. कारण त्या चमत्काराची सुरुवात त्यांच्याच हातून झाली होती.

पेशंटचा वेळ जावा म्हणून त्यांनी दारापासून खिडकीपर्यंत ती आगगाडी मांडली होती. महिन्यापूर्वी त्यांना हुक्की आली आणि इंजिनात त्यांनी डीकोडर बसवला. डीकोडर म्हणजे नखाएवढी चकती. रुळांतून वीजही येते आणि हुकूमही येतो. चकती तो हुकूम वाचून मोटर फिरवते, दिवा लावते, विझवते. "सोप्पं काम आहे," असं डॉक्टरांनी कंपाउंडरपासून सगळ्यांना ऐकवलं होतं. गाडी झकास धावली. पण दिवा काही विझेना. बटण दाबा, पुन्हा दाबा, इंजिन उभं करा, तो आपला मंद जळतोच. डॉक्टरांनी बल्ब बदलला, चकतीच्या सेटिंगा बदलल्या, तीन संध्याकाळी डोकं खाजवलं. चौथ्या दिवशी ज्योतीदादा खोकल्यासाठी आले, त्यांनी दिवा पाहिला आणि खोकला विसरून चमत्कार जाहीर केला. डॉक्टर गप्प बसले. खरं सांगायचं तर त्यांना जरा हायसंच वाटलं. निदान वायरिंगबद्दल कुणी विचारणार नव्हतं.

पोस्टमन येऊन गेला त्याच दुपारी इस्त्रीवाल्या मावशी पाय ओढत आल्या. त्या दिव्याकडेच निघाल्या होत्या, पण डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून आत नेलं. तळव्याची जखम चिघळली होती. साखर तपासली तर मशीनवरचा आकडा चारशेच्या वर गेला होता.

"गोळ्या घेता ना?"

"बंद केल्या. दिव्यानं नको सांगितलं ना."

"कधीपासून?"

"झाले की तीन आठवडे. तुम्ही इथंच तर होता, डॉक्टर. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हटलं तुम्हालाही पटलं असेल."

डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली, मावशींना आपल्यासमोरच पहिली गोळी घ्यायला लावली आणि त्या गेल्यावर लगेच ताईला फोन केला.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. कानाला लावायची यंत्रं दुरुस्त करायची. केसाएवढ्या तारा जोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि फटकळपणातही.

दवाखाना बंद झाल्यावर तिनं इंजिन रुळांवरून उचललं. दिवा विझला. ठेवलं, लागला.

"विश्वऊर्जेला रूळ लागतात तर," ती म्हणाली. मग कवच काढून तिनं भिंगातून आत पाहिलं. "हे सोल्डरिंग तू केलंस? दातांना चिकटलेला चिक्कीचा गोळा बरा. बल्बचा एक पाय लोखंडी सांगाड्याला टेकलाय, बघ. सांगाडा चाकांना जोडलेला, चाकं रुळाला. पूर्वी याच वाटेनं वीज जायची. डीकोडर बसवल्यावर ती वाट तोडायला हवी होती. तू तोडली नाहीस. वीज तुझ्या चकतीला न विचारता परस्पर बल्बमध्ये शिरते. मग बटण काय करणार, कपाळ?"

"आणि प्रश्न विचारल्यावर विझतो तो?"

इंजिन पुन्हा रुळांवर ठेवून ताई भिंग पुसायला फळीवर कोपर टेकून वाकली आणि दिवा विझला. ती सरळ झाली, दिवा लागला. तिनं पुन्हा कोपर टेकवलं. फळी जरा दबली, तिच्यावरच्या दोन रुळांच्या जोडात फट पडली आणि खिडकीकडची वीज तुटली.

"ज्योतीदादा रोज कुठं बसतात?"

"इथंच," डॉक्टर म्हणाले.

जोडाखालून तार टाकून ताईनं रूळ पक्के केले. बल्बला मात्र हात लावला नाही. "तो उद्या तू दुरुस्त करायचास. सगळ्यांसमोर."

"हसतील ग लोक."

"हसू देत. तुझ्या गप्प बसण्यानं त्या बाईचा पाय जायची वेळ आली होती."

दुसऱ्या दिवशी गर्दी तेवढीच होती. कालचा पोस्टमनही आला होता, आणि मावशी कोपऱ्यात पाय वर घेऊन बसल्या होत्या. ताई रांगेत पहिली.

"दादा, मी बावळट आहे का?" तिनं अदबीनं विचारलं.

दादांना प्रश्न आवडला असावा. त्यांनी नकार द्यायचं सौजन्य दाखवलं आणि कोपर टेकवलं. दिवा जळतच राहिला. त्यांनी भार वाढवला. फळी करकरली. मग दुसरंही कोपर आलं, खांदा आला, कपाळावर घाम आला. दिवा ढिम्म.

"आज इथं शंकेखोर माणसं आहेत," दादा धापा टाकत म्हणाले.

"आहेत ना," म्हणत डॉक्टर पुढे आले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी इंजिन उघडलं, बल्बचा पाय चिमट्यानं सांगाड्यापासून दूर केला, मध्ये चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि इंजिन रुळांवर ठेवलं. दिवा बंद. बटण दाबलं, दिवा लख्ख लागला. पुन्हा दाबलं, विझला. मग त्यांनी जोडाखालची तार काढली आणि पोस्टमनला फळी दाबायला सांगितली. पोस्टमनचं कोपरही ज्योतीदादांच्या कोपराइतकंच दैवी निघालं. त्यानं चार वेळा दिवा विझवून पाहिला, आणि माणसं हसायला लागली.

"म्हणजे चूक तुमची होती?" मावशींनी विचारलं. हसणं थांबलं.

"हो. तार मी चुकीची जोडली होती."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली. आणि नेमकं काय बिघडलंय ते मलाही कळलं नव्हतं. 'कळत नाही' एवढं म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं नाही, म्हणून त्या जागी दादा येऊन बसले. एखादी गोष्ट कळली नाही म्हणून ती चमत्कार ठरत नाही, मावशी. ती शोधायची राहिलेली असते. उघडून बघावं, दुसऱ्याला दाखवावं, आणि जो विचारू नका म्हणतो त्याला तर हमखास विचारावं."

दादांनी बाटल्यांची पिशवी उचलली. दारात पोस्टमननं आपली बाटली त्यांना परत केली. ती अजून भरलेलीच होती.

मावशी उठल्या. "माझी पट्टी आधी बदला. तुमची लाज नंतर बघू."

डॉक्टर त्यांना हात देऊन आत नेत होते, तेवढ्यात पोस्टमननं मागून विचारलं, "आणि माझ्या गुडघ्याचं? ऑपरेशन करायचं की नाही?"

"आधी तपासतो. कळलं तर सांगेन," डॉक्टर म्हणाले, "नाही कळलं, तर तेही सांगेन."

पोस्टमन रांगेत दुसऱ्या नंबरवर जाऊन बसला.