नमुन्यांच्या कपाटाची बदली

मित्रांनो, मी पत्र्याचे एक जुने कपाट आहे. पण माझ्यात कधी कोणाचे कपडे, दागिने किंवा पुस्तके राहिली नाहीत. माझ्यात राहत असत बादल्या, दप्तरे, चपला आणि ब्लँकेटे. प्रत्येक वस्तू जोडीने. उजवीकडे चांगली, डावीकडे फसवी.

माझा जन्म तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला. एका लहान कारखान्यात पत्रा कापला, वाकवला, वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या आणि अंगावर करडा रंग चढला. शेजारच्या कपाटांना कोणी बँकेत नेले, कोणी दवाखान्यात. मला टेम्पोत घालून जवळच सरावलीला आणले. तिथे एका भाड्याच्या इमारतीत शासकीय खरेदी प्रशिक्षण संस्था होती.

नाव ऐकून घाबरू नका. तुमच्या शाळेतली बाके, दवाखान्यातल्या गाद्या, वसतिगृहातल्या बादल्या सरकार विकत घेते. सरकार घेते म्हणजे कोणीतरी अधिकारी कागदावर सही करून घेतो. त्याने सही करण्याआधी काय पाहावे, हे या संस्थेत शिकवत.

शिकवणाऱ्या बाईंचे नाव चंद्रकांता तामोरे. त्या किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या. त्यांच्या आईने आयुष्यभर मासळी विकली. नवी तुकडी आली की बाई माझी दोन्ही दारे सताड उघडत आणि विचारत, "कल्ला उघडून बघितल्याशिवाय मासा घेता का तुम्ही?"

"नाही मॅडम," वर्ग म्हणे.

"मग ब्लँकेट बरं न बघता घेता! मासा एका दिवसात कुजतो, म्हणून तुम्ही शहाणे. ब्लँकेट तीन हिवाळे कुजत राहतं."

मग त्या सगळ्यांना डोळे मिटायला लावत. उजवीकडच्या वस्तूवर लाखेची मोहर असे. हा मंजूर नमुना, म्हणजे पुरवठादाराने आधी दाखवलेला माल. डावीकडे तोच पुरवठादार नंतर जे देऊन गेला ते. लोक बादलीची कड अंगठ्याने दाबून बघत, दप्तराचे बंद ओढत, ब्लँकेट बोटांत चोळत, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरत. जव्हारकडचे, डहाणूकडचे, पालघरचे किती हात माझ्या कप्प्यांतून फिरले! पुढे कोणी फोन करून सांगे, "मॅडम, गाडीभर माल परत पाठवला." त्या दिवशी बाई माझे दार जरा जास्तच जोरात उघडत. मला राग येत नसे.

मग दिवस पालटले. निविदा संगणकावर निघू लागल्या आणि शिकवणेही पडद्यावर आले. माझ्या डोक्यावर प्रोजेक्टर आला, पुढ्यात खोक्यांची चळत लागली. खाऱ्या हवेने बिजागऱ्या कुरकुरू लागल्या. बाईंचा तास उरला, पण तो दुपारच्या जेवणानंतर, लोक पेंगत असताना.

अशात एक दिवस आदेश आला. संस्था सार्वजनिक विद्यापीठात विलीन होणार आणि त्याच्या पालघरच्या केंद्रात जाणार. सगळे खूश झाले. आता साध्या प्रमाणपत्राऐवजी पदविका मिळणार होती. वरिष्ठ लिपिक पुंडलिक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मॅडम, याला काय विद्यापीठात प्रवेश मिळायचा नाय. बारावी झालेलं नाय ते."

बाई हसल्या. विलीनीकरणाचे काम विद्यापीठाच्या दिनानाथ सरांकडे होते. ते येईपर्यंतच ते हसू टिकले.

सर सभ्य माणूस. त्यांनी माझ्यातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली, बाईंचा तास शेवटपर्यंत ऐकला आणि मग म्हणाले, "तुमचं शिकवणं मला पटलं. पण विद्यापीठात गुण द्यावे लागतात. तुमच्या हाताला जे लागलं ते दुसऱ्या परीक्षकाच्या हाताला लागेल कशावरून? उद्या एखाद्याने पुनर्मूल्यांकन मागितलं, तर मी काय तुमचा अंगठा पाठवू?"

"म्हणजे प्रात्यक्षिक बंद?"

"सिद्ध करा. वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांशी न बोलता एकच निकाल दिला, तर अभ्यासक्रमात घेतो. नाहीतर वस्तूंचे फोटो काढू, ते पडद्यावर दाखवू. कपाट भंगारात."

मित्रांनो, भंगार हा शब्द मी प्रथमच स्वतःसाठी ऐकला. पण बाईंना माझी काळजी नव्हती, हे तुम्हाला खरे सांगितले पाहिजे. यापुढे खरेदी करणारी माणसे वस्तूला हातच न लावता शिकून बाहेर पडतील, ही त्यांची काळजी होती.

त्या कामाला लागल्या. हाताला जे कळते ते मोजता कसे येईल, याचा त्यांनी एकेका वस्तूसाठी विचार केला. ब्लँकेटचे वजन किती हवे, उजेडात धरल्यावर मागची बोटे दिसावीत की नाही, बादली भरून उचलल्यावर कडीचा कान किती वाकला तर चालेल, हे सगळे त्यांनी ठरवून टाकले. त्यांचे सहकारी शैलेश सर वैतागले. "अहो मॅडम, आता घरीही तपासत बसतो. बायको म्हणते, भाजीची पिशवी भरून ती किती वेळ धरून उभे राहणार आहात?"

"बंद तुटेपर्यंत," बाई म्हणाल्या.

चाचणीचा दिवस आला. वस्तू तिघांनी तपासायच्या होत्या: बाईंनी, शैलेश सरांनी आणि चालू तुकडीतल्या नवसीने. नवसी डोंगराकडच्या एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. पुंडलिकांनी मोहरा कापडाने झाकल्या आणि एकेक वस्तू या खोलीतून त्या खोलीत फिरवली. शेवटी माझ्यासमोरच्या टेबलावर तिघांचे निकाल जुळवायला घेतले.

बादल्या जुळल्या. दप्तरे जुळली. चपला जुळल्या. पुंडलिक पेढ्यांची चौकशी करू लागले.

ब्लँकेटे मात्र जुळेनात. डावीकडचे तिघांनीही नापास केले होते. उजवीकडचे, म्हणजे मंजूर नमुन्याचे, बाईंनी पास केले होते. शैलेश सर आणि नवसीने नापास.

बाईंनी नवसीला बोलावले. "परत बघ."

नवसीने ब्लँकेट पुन्हा काट्यावर ठेवले, पुन्हा उजेडात धरले. पलीकडून तिची बोटे स्पष्ट दिसत होती. "मॅडम, वजनात कमी हाय. माझ्या मुली याच्यात थंडीच्या कुडकुडतील. तुमी सांगत असाल तर पास लिहिते. पण मग मी तपासलं कशाला?"



काय झाले होते ते माझ्या कप्प्याला ठाऊक होते, मित्रांनो. वर्षानुवर्षे प्रत्येक तुकडीचे हात आधी चांगल्या ब्लँकेटकडे जात. तेच चोळले जाई, तेच ताणले जाई. प्रत्येकाच्या बोटांना त्याची थोडी लोकर लागून जाई. फसव्याला लोक एकदा हात लावत आणि तोंड वाकडे करून ठेवून देत. चांगले होते, म्हणूनच ते विरले.

शैलेश सर हळूच म्हणाले, "मॅडम, ही जोडी मोजणीतून काढू या. जुनी झाली म्हणू. बाकी सगळं जुळलंय की. सर आत यायच्या आधी..."

बाईंनी ब्लँकेट उचलून छातीशी धरले. क्षणभर मला वाटले, त्या ते माझ्यात ठेवून दार लावणार. त्यांनी तसे केले नाही. त्या ते घेऊन दारापर्यंत गेल्या आणि बाहेर थांबलेल्या दिनानाथ सरांना आत बोलावले.

"सर, एक निकाल जुळला नाही. चुकीचा निकाल माझा आहे."

"कसा काय?"

"मोहर झाकलेली होती, पण ब्लँकेट मला ओळखू आलं. इतकी वर्षं पास करत आले, तसं आजही केलं. मी ते काट्यावर ठेवलंच नाही. या दोघांनी ठेवलं. ज्यांनी खरंच तपासलं, त्यांचं उत्तर एकच आहे."

दिनानाथ सर खुर्चीवर बसले. त्यांनी ब्लँकेट मागून घेतले, स्वतः काट्यावर ठेवले आणि आकडा वाचला. "म्हणजे परीक्षा बरोबर, परीक्षक चुकला," ते म्हणाले.

"हो. तसा नियमच घाला, सर. ओळखीचा नमुना परीक्षकाने तपासायचा नाही."

"आणि नमुने? हे तर सगळेच तुमच्या ओळखीचे."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. "सगळे काढून टाकू. दरवर्षी नवे घेऊ. विद्यार्थीच मागणी लिहितील, निविदा काढतील, आलेला माल तपासतील. त्यांनीच घेतलेलं त्यांनाच नापास करावं लागलं, तर आणखी बरं."

"हे तुम्हाला जड जाईल."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या.

प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात आले. माझे कप्पे रिकामे झाले. ब्लँकेटवरची लाखेची मोहर बाईंनी स्वतः कात्रीने कापली. बोईसरहून टेम्पो आला, तेव्हा चालकाने मला हलवून पाहिले आणि विचारले, "मॅडम, खाली अलमारी पालघर ले जानी है? अंदर कुछ भी नहीं?"

"हां, खालीच जायेगी," बाई म्हणाल्या. पुंडलिक ओरडले, "भैया, संभाल के! ॲडमिशन हो गया है इसका!"

आता मी विद्यापीठातल्या एका उजेडाच्या खोलीत उभे आहे. बिजागऱ्यांना तेल मिळाले. पहिले काही आठवडे मी रिकामेच होते. मुले माझ्यासमोर बसून एका ब्लँकेटचे वजन किती असावे यावर कडाकडा भांडत, आणि मला ते फार आवडे.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत अशा कितीतरी गोष्टी असतील, ज्या चांगल्या म्हणून कधीच्या ठरून गेल्या आहेत. त्यांना जपा. पण जपणे म्हणजे नुसते कुलूप लावणे नव्हे. त्या अधूनमधून बाहेर काढा, उजेडात धरा. विरल्या असतील तर तसे मोकळेपणाने म्हणा आणि नव्या आणण्याचे कष्ट घ्या. वस्तूवर माया करणारा माणूस असेच करतो, हे मी माझ्यासमोर पाहिले आहे.

काल नव्या ब्लँकेटांचा गठ्ठा आला. मुलांनी दोरी सोडली. लोकरीचा वास खोलीभर पसरला आणि चंद्रकांताबाईंचा हात आपोआप पुढे आला. तो त्यांनी मध्येच मागे घेतला; परीक्षकाने नमुन्याशी आधी ओळख करून घ्यायची नव्हती. काटा मुलांकडे सरकवला, वर्गाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या आणि दार बाहेरून ओढून घेतले.