गार पाय

"आगाय, एवढा वेळ बोलला तो. काय म्हणाला?" जुमाकादिर आजोबांनी विचारलं.

सगिनबेक आगाय म्हणजे गावच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर. आयुष्यभर त्यांनी पोरांकडून इंग्रजी वाक्प्रचार घोकून घेतले होते. ते बोलणारा जिवंत माणूस मात्र आज पहिल्यांदाच पाहत होते. नळयोजना देणाऱ्या संस्थेचे पेम्बर्टनसाहेब आले होते. नळ आला की बायकांच्या नदीवरच्या खेपा संपणार, म्हणून अख्खं गाव तंबूत दाटीवाटीनं बसलं होतं.

आगायांनी घसा खाकरला. "साहेब म्हणतात, त्यांच्या लंडनच्या ऑफिसचे पाय गार पडलेत."

"अख्ख्या ऑफिसचे?"

"तसंच म्हणाले."

"मग बघत काय बसलात?" बुर्मा आपा उठल्या. "थंडी काय आम्हाला नवीन आहे?"

घराघरातून लोकरीचे मोजे आले. साहेबांपुढे ढीग लागला. साहेब लालबुंद झाले, मान खाली घालून म्हणाले, "इतकी वाईट बातमी तुम्ही इतक्या मोठ्या मनानं घेतलीत."

हे इंग्रजी साधंसरळ होतं. आगायांना ते कळलं, आणि मघाचं वाक्यही उलगडलं. गार खांदा आणि गार पाय, या दोन इंग्रजी वाक्प्रचारांत पोरं दरवर्षी गोंधळ घालायची आणि दरवर्षी आगाय ओरडायचे, "गाढवांनो, पाय गार पडणं म्हणजे कच खाणं."

त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात जुमाकादिर आजोबांनी दुआसाठी तळहात वर केले. हात वर असताना कुणी बोलत नाही. लंडनच्या ऑफिसला ऊब मिळो, अशी लांबलचक दुआ झाली. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

आता बोलता आलं असतं.

"आगाय होते म्हणून कळलं हो," आपा म्हणाल्या, "नाहीतर बिचारे गारठून मेले असते, आणि आपल्याला पत्ता नाही."

आगाय चहा पीत राहिले. मोजे गाडीत चढले.

वसंत आला, नळ आला नाही. आता शाळेआधी आगाय नदीत उतरून आपांचे डबे भरून देतात. का, ते आपांनी कधी विचारलं नाही. त्या वेगळंच विचारतात.

"आगाय, झाले का हो त्यांचे पाय गरम?"

"होतायत, आपा. हळूहळू."

काल आपांनी त्यांच्या हातात नवा जोड ठेवला. "रोज पाण्यात उभे राहता. तुमचेही गार पडत असतील."

आगायांनी मोजे कोटाच्या खिशात ठेवले, आणि अनवाणीच दुसरा डबा भरायला पाण्यात उतरले.